व्हेंटिलेटर काढणे ख्रिस्ती श्रद्धेनुसार पाप ठरते का?

आपले वडील तीन आठवड्यांपासून व्हेंटिलेटरवर आहेत, सुधारणेची आशा नाही असे डॉक्टर सांगतात, यंत्र काढणे म्हणजे खून असे काका म्हणतात आणि खर्चासाठी वावर विकायची वेळ आली आहे, असे आपण लिहिले आहे. माझ्या समजुतीप्रमाणे हे पाप नाही.

मी अचलपूरकडच्या एका खेड्यातील ख्रिस्ती मंडळीत (चर्चमध्ये) वाढलो. आम्ही प्रोटेस्टंट असल्यामुळे पोपचा शब्द आमच्यावर बंधनकारक नाही. तरीही या प्रश्नाचा सर्वांत नेमका विचार मला कॅथलिक शिकवणुकीतच सापडला. १९५७ साली पोप बारावे पायस यांनी भूलतज्ज्ञांपुढे बोलताना सांगितले की, जीव राखण्यासाठी साधारण उपाय करणे हे कर्तव्य आहे. परंतु जे उपाय रुग्णावर किंवा इतरांवर असाधारण भार टाकतात, ते केलेच पाहिजेत असे नाही. व्हॅटिकनच्या १९८० च्या घोषणापत्रात तर अपेक्षित फळाच्या मानाने अवाजवी उपचार नाकारणे, किंवा कुटुंबावर फार मोठा खर्च पडू नये म्हणून ते नाकारणे, ही आत्महत्या नव्हे, असे स्पष्ट म्हटले आहे. वावराचा विचार मनात आला म्हणून आपण स्वतःला अपराधी समजत असाल, तर हे वाक्य काकांनाही वाचून दाखवावे. जीव घेण्यासाठी इंजेक्शन देणे आणि आजाराला त्याच्या वाटेने जाऊ देणे, यांतील भेद मात्र सोडू नये. पहिल्या गोष्टीला ही शिकवण कधीच मान्यता देत नाही.

नळीवाटे दिले जाणारे अन्नपाणी ही वेगळी बाब आहे. पोप दुसरे जॉन पॉल यांनी २००४ साली ते उपचारात न धरता साधारण शुश्रूषेत धरले, म्हणून त्याबद्दल डॉक्टरांशी निराळे बोलावे.

माझ्या आईच्या वेळी आम्ही भावंडे दहा दिवस एकमेकांची तोंडे चुकवत होतो. शेवटी पाळकसाहेबांनी आम्हाला रुग्णालयाच्या व्हरांड्यात बसवून एकच विचारले, ‘यंत्र तिला बरे करीत आहे, की तिचे मरण लांबवीत आहे?’ हाच प्रश्न डॉक्टरांना विचारावा आणि उत्तर सर्व भावंडांनी एकत्र बसून ऐकावे, कारण एकट्याने ऐकलेल्या उत्तरावरून पुढे वर्षानुवर्षे घरे दुभंगतात.

कायद्याची वाटही मोकळी आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालाने आणि २०२३ मध्ये सुलभ केलेल्या नियमांनी, रुग्णाने पूर्वी काही लिहून ठेवले नसले तरी, जवळच्या नातलगांची संमती आणि दोन वैद्यकीय मंडळांचा अभिप्राय घेऊन असे यंत्र काढता येते. त्यासाठी रुग्णालयाकडे लेखी विनंती करावी.

त्याआधी मंडळीच्या वडीलजनांना अवश्य बोलवावे. बायबलमधील याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात सांगितल्याप्रमाणे ते तेल लावून प्रार्थना करतील. आईच्या वेळी आम्ही यंत्र काढल्यानंतर हे केले. ते आधीच करायला हवे होते, असे मला आजही वाटते.