रील करणाऱ्या मुलीला प्रसारणाचे कायदे शिकायचेत

नमस्कार ताई,

तुमचं पत्र सविस्तर आहे, ते बरं केलंत. इतर वाचकांसाठी आधी त्यातला मजकूर थोडक्यात सांगते. पत्र देवगड तालुक्यातून आलंय. यजमान मच्छीमार. मुलगी बारावीला, कला शाखेत. मालवणीत रील करते आणि तालुक्यातल्या एका यूट्यूब चॅनलसाठी जेटीवर माईक घेऊन बातम्याही देते. गेल्या पावसाळ्यात तिचाच एक जुना, खवळलेल्या समुद्राचा व्हिडिओ कुणीतरी ताजी तारीख घालून ‘वादळ आलं’ म्हणून फिरवला. बंदरात पळापळ झाली. तिने तक्रार केली, तर ‘आमच्या नियमांचा भंग आढळला नाही’ असं छापील उत्तर आलं. तेव्हापासून तिने धोशा लावलाय की हे नियम करतं कोण, ते मला शिकायचंय. बाबा म्हणतात, आकाशवाणीत चिकट. मामा म्हणतो, वकिली कर. आणि तुम्ही विचारलंय, ‘ह्या लाइनीत पोट भरतं का?’

भरतं. मामांचं ऐका. पण त्याआधी बाबांबद्दल थोडं, कारण घरात त्यांचंच म्हणणं सगळ्यात आधी मोडीत काढलं जात असेल असा माझा अंदाज आहे.

आकाशवाणीवरचा त्यांचा विश्वास उगाच नाही. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं, तेव्हा श्रीवर्धन, मंडणगड, दापोली भागात विजेचे खांब आडवे झाले आणि टॉवर बंद पडले. कित्येक गावांत दिवसचे दिवस मोबाईलला रेंज नव्हती. अशा वेळी हातात उरतो तो सेलवरचा रेडिओ. हवामान खात्याचा इशारा, बंदरावर चढलेला तीन नंबरचा बावटा आणि मच्छीमारांसाठी रेडिओवर लागणारी सूचना ही साखळी तुमच्या यजमानांना मुलीपेक्षा जास्त ठाऊक आहे. त्या सूचनेतून कुणाला जाहिरात मिळत नाही, म्हणून ती खाजगी कंपनी आपणहून देत बसणार नाही. सार्वजनिक प्रसारण लागतं ते ह्यासाठी. मुलीला जे शिकायचंय त्याचा अर्धा भाग बाबांना अनुभवाने येतो. तिने एकदा त्यांच्याशी बसून बोलावं.

नोकरीचा विचार मात्र वेगळा. प्रसार भारतीचा कायदा 1990 चा, अंमल 1997 पासून. आकाशवाणी आणि दूरदर्शन तेव्हा सरकारी खात्यातून ह्या महामंडळाकडे आले. कार्यक्रम विभागातल्या कायम जागा आता क्वचित निघतात, बरंचसं काम कंत्राटी किंवा नैमित्तिक माणसांवर चालतं. नैमित्तिक उद्घोषक म्हणजे महिन्यात मोजक्या ड्युट्या आणि ड्युटीप्रमाणे मानधन. त्याच्या भरवशावर घर चालत नाही. पण पदवीनंतर रत्नागिरी केंद्राची ऑडिशन निघाली तर जरूर द्यावी. समोर ठेवलेला अनोळखी मजकूर पहिल्याच वाचनात, न अडखळता, माणसाशी बोलल्यासारखा वाचायचा, हे वळण रीलमध्ये लागत नाही. रीलमध्ये दहावा टेक घेता येतो.

आता मामांचं म्हणणं. ‘वकील कधी उपाशी राहत नाही’ हे त्यांनी दिलेलं कारण मला पटत नाही. कणकवलीच्या किंवा आपल्या जिल्ह्याच्या ठिकाणी, ओरोसच्या कोर्टात सकाळी उभं राहून पाहा, म्हणजे कळेल. वकिली करायची ती ह्यासाठी की मुलीला पडलेला प्रश्न आपल्या देशात मुख्यतः कोर्टात सुटत आलाय.

1993 च्या हीरो कपच्या प्रक्षेपणावरून बंगालची क्रिकेट संघटना आणि माहिती व प्रसारण मंत्रालय ह्यांच्यात जुंपली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि फेब्रुवारी 1995 मध्ये निकाल लागला. ज्या लहरींवरून प्रसारण होतं त्या सार्वजनिक मालमत्ता आहेत, त्यांच्यावर सरकारची मक्तेदारी चालणार नाही, आणि त्यांचं नियमन स्वायत्त सार्वजनिक संस्थेने करावं, असं न्यायालय म्हणालं. निकाल देणाऱ्यांत न्या. पी. बी. सावंत होते, जे पुढे प्रेस कौन्सिलचे अध्यक्ष झाले. मुलीने पहिला निकाल वाचायचा तर हाच. लांबलचक आहे, पण वाचवतो.

मेख अशी की ह्या सगळ्याचा पाया ‘लहरी मोजक्या आहेत, म्हणून परवाना’ हा होता. इंटरनेटवर तो पायाच उरत नाही. मुलगी ज्या जेटीवर उभी राहते तिथलंच बघा. वर्तमानपत्राचा वार्ताहर नोंदणी झालेल्या पत्रासाठी येतो, त्याला 2023 चा नियतकालिकांचा कायदा. खाजगी एफएमला स्वतःच्या बातम्या देताच येत नाहीत, आकाशवाणीच्याच जशाच्या तशा लावाव्या लागतात. टीव्हीवाल्याच्या डोक्यावर केबलचा 1995 चा कायदा. आणि तुमच्या मुलीच्या चॅनलला परवाना नाही, नोंदणी नाही, काही नाही, तरी तालुक्यात सगळ्यात जास्त लोक तिलाच बघतात. ट्रॉलरला परवाना, होडीला परवाना आणि काल आलेल्या स्पीडबोटीला कुणी विचारतच नाही, असा हा कारभार.

सरकारने ही फट बुजवायला 2021 मध्ये डिजिटल माध्यमांचे नियम आणले. बातम्या देणाऱ्यांनी आचारसंहिता पाळायची, त्यावर तीन पातळ्यांची देखरेख. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यातल्या मुख्य कलमांना स्थगिती दिली. 2023 मध्ये सरकारी कामकाजाबद्दलचा मजकूर खोटा की खरा हे ठरवणाऱ्या सरकारच्याच सत्यशोधन पथकाची तरतूद आली, तीही त्याच न्यायालयाने सप्टेंबर 2024 मध्ये रद्द केली. नोव्हेंबर 2023 मध्ये प्रसारण सेवा विधेयकाचा मसुदा आला. पुढच्या वर्षी फिरलेल्या सुधारित मसुद्यात एकेकट्याने बातम्या-चर्चेचे व्हिडिओ करणारेही येणार, म्हणून ओरड झाली आणि तो मागे घ्यावा लागला. माझं मत विचाराल तर गावपातळीच्या यूट्यूबरला टीव्ही वाहिनीच्या मापाने मोजणं चूकच होतं. पण खोट्या वादळाच्या व्हिडिओला कुणीच जबाबदार नाही, हेही चालायचं नाही. ह्या दोन्हींच्या मधली वाट अजून कुणी नीट आखलेली नाही, आणि कामाला वाव आहे तो तिथेच.

दुसरा प्रश्न, सार्वजनिक प्रसारण इंटरनेटच्या पडद्यावर लोकांना दिसणार कसं, हा तर अजून कोराच आहे. प्रसार भारतीने नोव्हेंबर 2024 मध्ये गोव्यात ‘वेव्हज’ हे स्वतःचं ओटीटी सुरू केलं. ठीक. पण स्मार्ट टीव्ही लावल्यावर पहिल्या पडद्यावर कोणतं ॲप दिसावं, हे टीव्ही बनवणारा आणि पैसे मोजणारा ठरवतो. ब्रिटनने 2024 च्या मीडिया कायद्यात बीबीसीसारख्या सार्वजनिक वाहिन्यांना तिथे ठळक जागा देणं बंधनकारक केलं. आपल्याकडे त्याच्या जवळ जाणारा कायदा 2007 चा, राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचं प्रक्षेपण प्रसार भारतीला द्यायला लावणारा. तो दूरदर्शन आणि आकाशवाणीपुरता. ॲपच्या जमान्यात वादळाची सूचना पडद्यावर सगळ्यात वर कशी येईल, ह्यावर मराठीत विचार करणारी माणसं मला फारशी दिसत नाहीत.

पोटाचं म्हणाल तर 2021 च्या नियमांनीच नोकऱ्या तयार केल्या. 50 लाखांहून जास्त वापरकर्ते असलेल्या प्रत्येक समाजमाध्यम कंपनीला भारतात राहणारा तक्रार निवारण अधिकारी, अनुपालन अधिकारी (कंपनी कायदा पाळते का हे बघणारा) आणि पोलिसांशी संपर्काचा अधिकारी नेमावाच लागतो. त्यांच्या हाताखाली कायदा कळणारी आणि भाषा कळणारी माणसं लागतात. मालवणीतली शिवी कुठली आणि थट्टा कुठली, हे यंत्राला कळत नाही. एक मात्र सांगून ठेवते. ‘कंटेंट मॉडरेशन’, म्हणजे लोकांनी टाकलेला मजकूर तपासायची, जी नोकरी पदवीधरांना पटकन मिळते, ती बहुधा ठेकेदार कंपनीची असते आणि दिवसभर हिंसक व्हिडिओ बघायचं काम अंगावर येतं. मुलीने तिथे अडकू नये. कायद्याची पदवी असेल तर ती वरच्या दाराने आत जाईल. ह्याशिवाय दिल्लीची इंटरनेट फ्रीडम फाउंडेशन, बंगळुरूची सेंटर फॉर इंटरनेट अँड सोसायटी अशा इंटरनेटच्या कायद्यांवर आणि हक्कांवर काम करणाऱ्या संस्था आहेत, माध्यम-कायद्याचं काम करणाऱ्या लॉ फर्म आहेत. सरकारी नोकरीच हवी तर यूपीएससीतून भारतीय माहिती सेवा. म्हणजे बाबांचंही समाधान.

मास मीडियाची पदवी आत्ता नको. माईक धरणं ती करून शिकतेच आहे. पुढे पत्रकारितेचं शिक्षण हवंसं वाटलं तर पदवीनंतर आयआयएमसीच्या (भारतीय जनसंचार संस्थेच्या) अमरावती केंद्रात मराठी पत्रकारिता आहे.

बारावीनंतर पाच वर्षांचा विधी अभ्यासक्रम, त्यासाठी राज्य सीईटी कक्षाची प्रवेश परीक्षा. खुल्या वर्गाला बारावीत 45 टक्के लागतात, राखीव वर्गांना सवलत. कला शाखा चालते. मुंबईचं राष्ट्रीय विधी विद्यापीठ हवं असेल तर क्लॅट, म्हणजे राष्ट्रीय विधी विद्यापीठांची सामाईक प्रवेश परीक्षा, द्यावी लागते. ती इंग्रजीत असते आणि साधारण डिसेंबरात होते, म्हणून तिचा अर्ज आधी. मुंबईचा खर्च झेपणार नसेल तर आधी जवळ बीए करून रत्नागिरीला तीन वर्षांचं एलएलबी हाही चांगला रस्ता आहे, त्याला कमी लेखू नका.

त्या व्हिडिओची गोष्टही सोडू नका. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याचं उत्तर पटलं नाही तर 30 दिवसांत केंद्र सरकारच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन अपील करता येतं. पुन्हा असं झालं तर तिने स्क्रीनशॉट, मूळ व्हिडिओची तारीख आणि तक्रारीचा क्रमांक जपून ठेवावा आणि अपील स्वतः लिहावं.

आणि ताई, लागू असेल तर जातीचा दाखला, पडताळणी आणि नॉन-क्रिमीलेअरचे कागद निकालाची वाट न बघता आत्ताच करायला घ्या. जूनमध्ये तहसील कार्यालयात आणि ओरोसला उभं राहायला जागा नसते.