एच-इंडेक्सवरून टोमणे

प्रश्न: मी सांगलीत कॉलेजला गणित शिकवते. माझा एच-इंडेक्स (संशोधन मोजायचा आकडा) ६, बायोटेकवाल्या मैत्रिणीचा १९, स्टाफरूममध्ये सारखे टोमणे. माझं काम खरंच हलकं आहे का हो? – एक वाचक, विश्रामबाग

उत्तर: छे हो ताई! १९ म्हणजे तिचे १९ रिसर्च पेपर असे की प्रत्येकाला निदान १९ सायटेशन्स, म्हणजे दुसऱ्या पेपरांत तितके उल्लेख, बास. २००५ साली हर्श नावाच्या फिजिक्सवाल्यानं हे माप काढलं आणि तेव्हाच सांगितलेलं की बायोलॉजीत आकडे मोठेच येतात. तिकडे एकेका पेपरवर सहा-सात नावं, मागे संदर्भांची ही लांबलचक यादी, तुमच्याकडे लेखक एक-दोन आणि यादी आटोपशीर, मग आकडा फुगणार कुठून? आणि सायटेशन्स मोजणाऱ्या साइट्स वेगवेगळ्या, तिचा आकडा गूगल स्कॉलरचा अन् तुमचा स्कोपसचा नाही ना, ते आधी बघा, स्कॉलर थिसिसमधली सायटेशन्सपण धरतं. तुलना गणितवाल्यांशीच करा, तीही तुमच्याइतकीच वर्षं झालेल्यांशी.