'स्टेपेउल्वेने'मधला 'ने' कोणाचा?

प्रश्न असा आहे: 'स्टेपेउल्वेने १९६७ साली हिप हा अल्बम काढला' या वाक्यात डॅनिश बँडचं नाव 'स्टेपेउल्वे' आणि पुढचा 'ने' तृतीयेचा, असंच ना? की नाव 'स्टेपेउल्वेन' आहे? एका चित्रपटाचं नाव तसं दिसतं.

दोन्ही नाही. हा 'ने' अस्सल डॅनिश आहे. डॅनिशमध्ये 'उल्व' म्हणजे लांडगा. इंग्रजीतला 'द' शब्दाच्या पुढ्यात उभा राहतो. डॅनिशमध्ये ते काम सहसा शेवटी चिकटलेला प्रत्यय करतो. उल्वेन म्हणजे तो लांडगा, उल्वे म्हणजे लांडगे, उल्वेने म्हणजे ते लांडगे. विभक्तीचे प्रत्यय शब्दाला जोडूनच बोलणाऱ्या आपल्याला हे परकं वाटायला नको. म्हणून 'द स्टेपेउल्वेने' लिहू नये, त्यात 'ते' दोनदा येतं. आणि तुमच्या वाक्यात तृतीयेचा 'ने' खरं तर गळलाय. 'स्टेपेउल्वेनेने' व्याकरणात बसतं, पण वाचताना जीभ अडखळते. 'स्टेपेउल्वेने या बँडने' लिहा.

'स्टेपेउल्वेन' हे एकवचन. हर्मान हेसे यांच्या जर्मन कादंबरीचं ते डॅनिश नाव. बँडने नाव तिथूनच उचललं आणि अनेकवचनी केलं. चित्रपट बँडच्या गायकावर आहे, म्हणून तिथे पुन्हा एकच लांडगा. अमेरिकेतल्या स्टेपनवुल्फचं नावही याच कादंबरीवरून आलंय, पण तो बँड वेगळा.

हे नाव नीट लिहिलं जावं असं मला मनापासून वाटतं, कारण या बँडचं मोठेपणच भाषेत आहे. साठच्या दशकात डेन्मार्कमध्ये इलेक्ट्रिक गिटारवाल्या संगीताला 'पिगट्रॉड' म्हणत, म्हणजे चक्क काटेरी तार! ती पोरं गात मात्र बहुतेक इंग्रजीत. गायक आइक स्कालो यांनी शब्द लिहिले, स्टिग म्योलर यांनी चाली दिल्या आणि 'हिप'मध्ये रॉक डॅनिश बोलू लागलं, तेही पुस्तकी नव्हे, कोपनहेगनच्या तरुणांच्या तोंडचं. त्यातल्या 'इत्सी बित्सी'त नेपाळला जायची साद आहे. स्कालो खरोखरच पूर्वेकडे निघाले आणि ऑक्टोबर १९६८मध्ये आपल्या फिरोजपूरजवळ, पाकिस्तानच्या सरहद्दीपाशी, पंचविसाव्या वर्षी वारले. मागे राहिला तो एकच अल्बम.

पण वाट मोकळी झाली होती. कोपनहेगनच्याच क्रिस्टियन्सहाउन भागातल्या गॅसोलीन या बँडने १९७१मध्ये आपला पहिला अल्बम डॅनिशमध्ये काढला आणि १९७८पर्यंत देशभर आपली गाणी लोकांच्या ओठांवर ठेवली. त्यांचे गायक किम लार्सन २०१८मध्ये गेले, तेव्हा हजारो लोक रस्त्यावर उतरून ती गाणी गात होते.

या दुसऱ्या नावात मात्र लपलेला प्रत्यय नाही. 'गॅसोलीनने' निर्धास्त लिहा, तो 'ने' आपलाच.