आबांचा कापूस, काकाची केळी

प्रिय मुक्ता,

काल फोनवर तू विचारलंस, "आबा म्हणतात बाहेरच्या जगानं शेतकऱ्याला बुडवलं, काका म्हणतो त्याच जगामुळे आपण तरलो. एकाच ओट्यावर रोज संध्याकाळी हा वाद. मग आपल्या लोकांचं खरं मत कोणतं?" फोनवर धड सांगता आलं नाही, म्हणून लिहितेय.

आबांचा कापूस आहे, काकाची केळी. निम्मं उत्तर इथेच आहे.

काकाच्या बागेत ग्रँड नैन जातीची टिश्यू कल्चरची, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेली रोपं आहेत. ही जात परदेशातून आली. त्यांना पाणी देणारं आधुनिक ठिबक इस्रायलमध्ये आकाराला आलं. घडाला पिशवी घालायची, फण्या अलगद उतरवून धुवायच्या, डाग असलेली बाजूला काढायची, तेरा-तेरा किलोची खोकी भरायची. मग तो थंड कंटेनर 13 अंशांवर न्हावा-शेवा बंदराला आणि तिथून आखाती देशांत. रावेर-यावलच्या केळीचा भाव बऱ्हाणपूरच्या लिलावाकडे बघून ठरत आलाय. काकाला आता दुसरंही गिऱ्हाईक आहे. त्याचा आनंद खरा आहे.

आबांचा रागही तितकाच खरा. 2025 च्या ऑगस्टमध्ये सरकारनं कापसावरचं 11 टक्के आयातशुल्क काढलं आणि नंतर ही सूट 31 डिसेंबरपर्यंत वाढवली. तेव्हा आबांचं पीक शेतात उभं होतं. बियाणं, खत, फवारणी, सगळा खर्च होऊन गेलेला. बाहेरचा कापूस स्वस्त येऊन आता भाव उतरणार म्हणून माणूस पेरलेलं परत काढून घेऊ शकत नाही. सूतगिरण्यांचं म्हणणंही ऐकायला हवं: रुई महाग पडली तर त्यांचं सूत परदेशात विकलं जात नाही आणि तिथल्या कामगारांच्या पोटावर पाय येतो. त्यांचंही चूक नाही. पण हा सगळा भार पेरून बसलेल्या माणसावर टाकणं मला अन्यायाचंच वाटतं.

बाहेरचं काहीच नको, असं मात्र आबांनाही म्हणता येणार नाही. हिवाळ्यात लाकडी बडगीत ठेचून करतात त्या भरितातलं वांगं आपलं. मिरची आणि शेंगदाणे अमेरिका खंडातून समुद्रमार्गे आले. आबांच्या शेतातला कापूसही मूळ अमेरिकी जातीचाच.

आणि आपल्या कापसाचं जगाशी नातं आजचं नाही. मी राहते त्या मँचेस्टरच्या गिरण्या अमेरिकेच्या कापसावर चालत. 1861 मध्ये तिथे यादवी युद्ध पेटलं, दक्षिणेकडच्या बंदरांची नाकेबंदी झाली आणि कापूस यायचा थांबला. मुंबईत भाव भडकले, खानदेश-वऱ्हाडच्या कापसाला मागणी आली. त्याच दशकात रेल्वे भुसावळला पोचली. 1865 मध्ये युद्ध संपलं आणि भाव कोसळले. दोन्ही वेळा आपल्या शेतकऱ्याला कुणी विचारलं नव्हतं.

इथे मात्र त्या वर्षांत गिरण्या बंद पडल्या, घराघरांत उपासमार झाली. तरीही 31 डिसेंबर 1862 ला मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमध्ये सभा भरली आणि अमेरिकेचा अध्यक्ष लिंकनला पत्र गेलं की गुलामगिरीविरुद्धच्या लढ्यात आम्ही तुमच्या बाजूनं आहोत. लिंकननं जानेवारीत उत्तर पाठवलं. त्याचा पुतळा इथल्या चौकात आहे. तू आलीस की दाखवीन. पोट रिकामं असताना, कधी न पाहिलेल्या माणसांसाठी उभे राहिलेले ते लोक मला फार मोठे वाटतात. जग जोडलेलं असावं असं मी म्हणते, ते असल्या माणसांमुळे.

म्हणून आपल्या लोकांचं एकच मत शोधत बसू नकोस. कोण बोलतंय, त्याचं काय पणाला लागलंय आणि भाव पडला तर खड्डा कुणाच्या घरात पडतो, हे बघ. काकाचंही सगळं सुरक्षित नाही. आखातात गडबड झाली, जहाजं अडली, की तयार माल थांबवता येत नाही. मग आबांची भाषा त्याच्याही तोंडी येते. हे त्याला सांगू नकोस, चिडेल.

उद्या खोकी भरायला त्याच्याबरोबर जा, कोणती केळी बाजूला काढतात आणि त्यांचं पुढे काय होतं ते विचार. आणि खेडा खरेदीवाला दारात येऊन कापसाचा भाव सांगतो ना, तो आकडा त्याला कोण देतं, हे आबांना विचार. दोघं काय म्हणाले ते मला सविस्तर लिही.

तुझी,
आई