गोव्यात किनाऱ्यावर संध्याकाळी लग्न करायचंय, आधी काय बघावं?

भटजींआधी भरती बघा. किनाऱ्यावरचा जुना हिशोब असा: तिथीची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ मिळते. म्हणजे अष्टमीला सहाच्या सुमारास पाणी वर आलेलं, गोरज मुहूर्ताला वाळू कमी उरते. पौर्णिमा-अमावास्येला (पंधरावी तिथी) भरती अकरा-बाराच्या सुमारास, म्हणून संध्याकाळी ओहोटी, किनारा मोकळा. (नेमकी वेळ भरतीच्या तक्त्यातून घ्याच.)

मोरजी, आगोंद शक्यतो नको; हिवाळ्यात तिथे कासवं अंडी घालायला येतात, दिवे-आवाजावर बंधनं असतात. वाळूवर मांडवाला परवानगी लागते. मला विचाराल तर किनाऱ्यालगतच्या रिसॉर्टचं लॉन बरं: सप्तपदी तिथे, फोटो वाळूत. दुपारनंतर वारा सुटतो, होमाला आडोसा करा. रात्री १० नंतर उघड्यावर लाउडस्पीकर बंद, तेव्हा नाचणाऱ्या मावसभावांना आधीच सांगून ठेवा.