समुद्राच्या पाण्यातून हायड्रोजन: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: समुद्राचं पाणी थेट इलेक्ट्रोलायझरमध्ये (विजेने पाण्यातून हायड्रोजन वेगळा काढणाऱ्या यंत्रात) का सोडत नाहीत? आधी गोडं करण्याचा खटाटोप कशाला?

मिठाच्या पाण्यात बॅटरीच्या दोन तारा बुडवल्या की पोहण्याच्या तलावासारखा उग्र वास येतो. तो क्लोरीन. समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात. त्यातल्या क्लोराइडमुळे धन टोकाला ऑक्सिजनबरोबर क्लोरीन सुटतो आणि धातू खातो. ऋण टोकावर मॅग्नेशियम-कॅल्शियमचा पांढरा थर चढतो, बोअरच्या पाण्याने गीझरच्या कॉइलवर चढतो तसाच. आरओतून एकदा काढलेलं, पिण्याजोगं पाणीही इथे चालत नाही. उरलेसुरले क्षार काढायला ते पुन्हा शुद्ध करावं लागतं.

शेन्झेनच्या संशोधकांनी 2022 मध्ये फक्त वाफ आत घेणारा पडदा लावून थेट समुद्राच्या पाण्यावर यंत्र 3,200 तासांहून अधिक चालवलं. काम मोलाचं आहे, पण कारखान्यातलं यंत्र वर्षानुवर्षं टिकावं लागतं.

प्रश्न: पाणी गोडं करण्यातच सगळी वीज जाईल ना?

नाही. किलोभर हायड्रोजनला 50 ते 55 युनिट वीज लागते. पाणी हिशेबाने 9 लिटर, पण शुद्धीकरणातली घट धरून आपण 20 लिटर घेऊ. हजार लिटर गोडं करायला 3 ते 4 युनिट, म्हणजे 20 लिटरला 0.08 युनिटसुद्धा धड नाही. म्हणून पाण्याच्या खर्चाचं कारण सांगून कोणी धरणाचं पाणी मागत असेल, तर ते मला पटत नाही.

प्रश्न: आमच्याकडे टँकर येतात. हा उद्योग पिण्याचं पाणी पळवेल का?

केंद्र सरकारच्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशनचं लक्ष्य 2030 पर्यंत वर्षाला 50 लाख टन हायड्रोजन बनवण्याचं आहे. वरच्याच हिशेबाने दिवसाला सुमारे 27 कोटी लिटर पाणी झालं. चेन्नईजवळच्या नेम्मेलीच्या, समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या दोन प्रकल्पांची मिळून क्षमता दिवसाला 25 कोटी लिटर आहे. देशाच्या मानाने हे फार नाही. पण तेच पाणी एखाद्या कोरड्या तालुक्यातून उचललं तर तिथल्या विहिरी आटतील. म्हणून कारखाना किनाऱ्यावरच हवा. यंत्रं थंड करायलाही तिथे समुद्राचंच पाणी वापरता येतं.

प्रश्न: आम्ही मच्छीमार आहोत. उरलेलं खारं पाणी कुठे जाणार?

फार महत्त्वाचं विचारलंत. समुद्रातून घेतलेल्या पाण्यापैकी निम्म्याहून जास्त परत जातं, जवळपास दुप्पट खारट होऊन. जड असल्याने ते तळाला बसतं, नेमकं जिथे कालवं नि तिसऱ्या (शिंपले) असतात तिथे. खोल समुद्रात, प्रवाहाच्या जागी, पाइपाला अनेक तोंडं ठेवून सोडलं तर ते लवकर मिसळतं. खाडीत मात्र कधीच सोडू नये. जनसुनावणीला जाल तेव्हा पाइपाचं तोंड नकाशावर दाखवायला सांगा, आणि तळाचा खारेपणा कोण, कितीदा मोजणार ते लेखी मागा.