मकरपुऱ्याहून बव्हेरियात येऊ पाहणाऱ्यास

बडोद्याच्या मकरपुरा औद्योगिक वसाहतीतील (जीआयडीसी) नोकरी सोडून जर्मनीत यावे की नाही या विचारात असताना, इथल्या कंपन्या माणसांना कसे वागवतात आणि त्याचा कामावर खरोखर परिणाम होतो का, असे आपण विचारले आहे. व्हिसा आणि विम्याची माहिती दूतावास देतो. तिच्यात मी शिरत नाही.

परिणाम होतो. बडोद्यात माझे साहेब आमच्या घरच्या लग्नकार्यांना येत, आजारपणात उचल देत, आणि म्हणूनच साच्यातला दोष दिसला तरी तो त्यांना तोंडावर सांगणे जड जाई. मग ग्राहकाकडून माल परत आला की रात्रपाळ्या सुरू. इथे किमान ५ कामगारांच्या आस्थापनेतही कामगारांचे प्रतिनिधी मंडळ निवडता येते. असे मंडळ असेल तर त्याच्या संमतीवाचून जादा तास लावता येत नाहीत आणि त्याचे म्हणणे न ऐकता केलेली बडतर्फी अवैध ठरते. १९७६ च्या कायद्याने तर २,००० हून अधिक कामगारांच्या कंपन्यांत व्यवस्थापनावर देखरेख ठेवणाऱ्या पर्यवेक्षक मंडळाच्या निम्म्या जागा कामगारांकडे असतात. जादा तास सहजी मिळत नाहीत म्हणून व्यवस्थापनाला नियोजन आधीच चोख करावे लागते, आणि धास्ती नसलेला फिटर दोष वेळेवर बोलून दाखवतो. निर्णय मात्र रखडतात. आपल्याकडे चहाच्या टपरीवर सुटणारा प्रश्न इथे बैठकांमागून बैठका खातो.

या सगळ्याचा पाया म्हणजे दोन ते साडेतीन वर्षांची शिकाऊ उमेदवारी, जिच्यात कारखाना आणि शाळा मिळून कारागीर घडवतात. मी तिचे गुण कोणापुढेही गाईन. पण तिच्याकडे जाणारी वाट चौथीनंतरच वेगळी होते. आमच्या बव्हेरिया राज्यात जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास यांची सरासरी २.३३ किंवा त्याहून चांगली (इथे १ ही सर्वांत वरची श्रेणी, म्हणजे आकडा जितका लहान तितका चांगला) असेल, तरच विद्यापीठाकडे नेणाऱ्या शाळेत थेट प्रवेश मिळतो. माझ्या मुलाचे जर्मन तेव्हा कच्चे होते. हाताच्या कामालाही इथे मान आहे, असे त्याच्या बाई शांतपणे म्हणाल्या, आणि आमच्या कंपनीतल्या उस्ताद कारागिरांकडे पाहता ते खोटे नाही. तरीही सयाजीराव विद्यापीठात शिकलेल्या माझ्या वडिलांना हे फोनवर नीट सांगणे मला अजून जमलेले नाही, आणि नव्या उमेदवारांच्या स्वागताला उभा राहिलो की राग नेमका कोणाचा आला आहे, तेच कळत नाही. वाट पुढेही बदलता येते; मुलालाच ती बदलायची नाही, त्याला यंत्रे आवडतात.

एकटेपणा असतो, रविवारी दुकाने बंद असल्याने जरा जास्त. त्याची सवय होते.

आपले मूल आठ-नऊ वर्षांचे असेल, तर पगाराची बोलणी करण्याआधी त्याच्या जर्मनची तजवीज करा. मुलाखतीत प्रतिनिधी मंडळाविषयी अवश्य विचारा. त्या प्रश्नावर व्यवस्थापक अवघडला, तर मी त्या कंपनीत जाणार नाही.